नावाचं कडवं

अनुसये,

तुला जाऊन तेरा दिवस झाले. या तेरा दिवसांत मी रडले कमी आणि शोधाशोध जास्त केली. तुझं एक कडवं शोधत होते, चार ओळींचं. तुझ्या तिन्ही वह्या चाळल्या, तुझ्या भावाला विचारलं, वस्तीवरच्या बायकांना विचारलं आणि माझ्या डोक्याचा तर भुगा करून टाकला. तू असतीस तर म्हणाली असतीस, "कुसे, आदी डोस्कं हाय का बघ, मग त्यात शोध." तुझी ही चेष्टा आता मीच करते आणि मीच ऐकते. काही मजा येत नाही.

आपण पणदऱ्याच्या शाळेत एका वर्गात होतो, पण एका बाकावर कधी बसलो नाही. कुणी तसा नियम लावला नव्हता. तुमची वस्ती पाटाच्या पलीकडे, आमचं घर उसाच्या बाजूला आणि वर्गातही आपसूक तू खिडकीकडे, मी दाराकडे. सातवीनंतर तू शाळा सोडलीस. मी दहावी झाले, लग्न होऊन बारामतीला आले, नवरा एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात लागला. तुझं पुढे काय झालं हे मी कित्येक वर्षं कुणाला विचारलं नाही. त्यात विचारण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं. हे तुला कधी बोलले नाही, आता बोलते.

नव्वदनंतर साक्षरतेचं वारं आलं आणि तालुक्याला बायकांचं शिबिर भरलं. घरात बसून कंटाळले होते म्हणून मी गेले, उगीच समाजसेवेचा आव आणत नाही. तिथं तू दिसलीस. सासर सोडून पणदऱ्याला परत आली होतीस, अंगणवाडीत मदतनीस होतीस आणि काखेत डफ होता. साहेबांनी सगळ्यांना छापील गाण्यांचे कागद वाटले. तू तो कागद उलटा केलास, कोऱ्या बाजूला स्वतःचं गाणं लिहिलंस आणि उभी राहून तेच म्हणायला लागलीस. साहेब म्हणाले, "बाई, पुढच्या बाजूचं म्हणा." तू म्हणालीस, "म्हंते की सायेब. आदी मागचं हुंद्या."

मग तू विचारलंस, "झील कोन धरंल?" गाणाऱ्याच्या ओळीचं शेपूट पकडून ती मागून पुन्हा म्हणायची, एवढंच झीलकऱ्याचं काम. कुणी हलेना. माझा हात कसा वर गेला मला आजही कळत नाही. तू माझ्याकडे बघितलंस, ओळखलंस, आणि ओळख न दाखवता म्हणालीस, "या बाई. पर माझ्याम्होरं जायचं न्हाय."

मी कधी तुझ्यापुढे गेले नाही. एकदा सोडून.

शिबिर संपलं, मोहीम ओसरली, बाकीच्या बायका आपापल्या घरी गेल्या. तू थांबली नाहीस. सुट्टीच्या दिवशी डफ घेऊन निघायचीस आणि बारामतीच्या स्टँडवर मी तुला येऊन मिळायचे. निमगाव केतकीच्या बाजारात मेथीच्या जुड्या मांडलेल्या बायकांच्या रांगेच्या टोकाला आपण उभ्या राहायचो. तू डफावर थाप मारलीस की आधी कुत्री पळायची, मग माणसं जमायची. एमआयडीसीच्या गेटवर आपण गायलो तो दिवस तर मी मेले तरी विसरणार नाही. पहिली पाळी सुटली, मोटारसायकलींची रांग बाहेर पडली आणि त्यात माझे मालक. बायको रस्त्यावर उभी राहून गाते आहे हे बघून त्यांनी मान अशी वळवली की समोरच्या गाडीवर आदळायचे राहिले. तू गाणं न थांबवता डफाआडून मला म्हणालीस, "तुजं धनी गेलं बग. वळख सुदीक दाखवली न्हाय." घरी येऊन ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आंघोळ करताना तुझंच गाणं म्हणत होते.

आणि तू कुणाची झाली नाहीस. निवडणुकीच्या वेळी जीप घेऊन माणसं तुझ्या दारात आली होती, मी तिथंच होते. गाणं तुमचंच राहू द्या, फक्त शेवटच्या कडव्यात आमच्या माणसाचं नाव घाला, असं त्यांचं म्हणणं. तू त्यांना चहा दिलास. मग म्हणालीस, "शेवटच्या कडव्यात जागा न्हाय वो. तितं आमी ऱ्हातो."

मला तेव्हा तो नुसता ठसका वाटला. जीप गेल्यावर मी किती हसले.

शेवटच्या कडव्यात गाणं रचणाऱ्यानं आपलं नाव घालायचं ही शाहिरांची जुनी रीत. पण तुझी त्यावर स्वतःची एक रीत होती. त्या कडव्याला झील धरायची नाही. "ज्येचं नाव त्येनंच घ्यावं," असं तू पहिल्याच दिवशी बजावलं होतंस. त्यामुळे तू नावाच्या कडव्याला आलीस की माझं काम संपायचं. मी बाजूला व्हायचे, बाटलीतलं पाणी प्यायचे, पदर सारखा करायचे, समोर कोण कोण आलंय ते बघायचे. तू एकटी गायचीस. किती वेळा गायलीस आणि मी किती वेळा शेजारी उभी होते. पण ऐकलं किती वेळा, हे विचारू नकोस. माझ्यासाठी गाणं आधीच संपलेलं असायचं.

मी ज्या कडव्यासाठी तेरा दिवस जीव टाकते आहे ते तुझ्या पाण्याच्या गाण्यातलं. गाणी तुझी बरीच होती. जयंतीची होती, अंगणवाडीतल्या पोरांची होती, एक तर तुझ्या मोडक्या छत्रीवर होतं. पण पाण्याच्या गाण्याची गोष्टच वेगळी.

पाटाला आलं पानी गं बाई, पाटाला आलं पानी,
उसाच्या मुळाशी गेलं सारं, घागर माझी सुनी.

"घागर माझी सुनी गं, घागर माझी सुनी" ही झील. ती म्हणताना माझा सूर असा लागायचा की बाजारातल्या बायका डोळे पुसायच्या. त्या गाण्यातला ऊस आमचा होता, अनुसये. माझ्या माहेरी पाटाचं पाणी सुटलं की आधी आमच्या उसाला जायचं आणि तुम्ही बायका घागरी घेऊन बांधावर बसायचात. मी ते लहानपणी रोज बघितलं आहे. गाताना मला ते आठवायचंसुद्धा नाही. झील चांगली लागली म्हणून मी खूश असायचे.

मग ती कॅसेट.

बारामतीत टीव्ही आणि टेप विकणाऱ्या एका दुकानाच्या माडीवर रेकॉर्डिंगची खोली होती. भिंतींना गाद्या लावलेल्या, पंखा बंद, घामानं जीव नकोसा. तुला मीच ओढून नेलं. तुझी गाणी बाजारात गाऊन वाऱ्यावर जातात, ती राहिली पाहिजेत, असं मी महिनाभर तुझ्या मागे लागले होते. ढोलकीवाला आणि दोन मुली दुकानदारानं आणल्या होत्या. त्यानं घड्याळ लावून सगळी गाणी म्हणून घेतली आणि म्हणाला, "ताई, एका बाजूला अर्धाच तास बसतो. प्रत्येक गाण्याचं शेवटचं कडवं काढा, मग सगळी बसतील."

तू विचारलंस, "मदलं काडलं तर?"

"मधल्यात गोष्ट आहे ना. शेवटच्यात नुसतं नाव आहे."

तू डफ उचललास. मी म्हणाले, अगं दोन गाणी कमी करू, अगं थांब, अगं बघू. तू जिन्यात एकदाच वळलीस. "तुला ऱ्हायचं असंल तर ऱ्हा," म्हणालीस आणि पणदऱ्याची गाडी धरलीस. तू गेलीस आणि मी राहिले.

का राहिले? तेव्हा मी स्वतःला सांगितलं की गाणी वाचवायला राहिले. तुलाही तेच सांगितलं. आज तू नाहीस तर खोटं कशाला बोलू? मला एकदा पुढे उभं राहून गायचं होतं. चार वर्षं मी तुझ्या ओळींची शेपटं धरली होती, मला एकदा ती ओळ पहिल्यापासून म्हणायची होती. आणि कडवं कापताना मला काही कापतोय असं वाटलंच नाही. झीलकऱ्याचं गाणं तिथंच संपतं ना. माझ्या सवयीनं मी तुला कापलं.

शेवटी दुकानदारानं वहीत बघत विचारलं, "गीतकार कोण लिहू?" तू रागावून गेली होतीस. कापलेल्या गाण्यावर तुझं नाव टाकलं तर आणखी चिडशील असं मला वाटलं. म्हणून म्हणाले, "राहू द्या रिकामं." तो माणूस रिकामी जागा ठेवणारा नव्हता. कॅसेट छापून आली तेव्हा वर माझा फोटो, खाली "कुसुमताई आणि पार्टी", आणि त्याखाली बारीक अक्षरात "गीत : पारंपरिक".

तू माझ्या घरी येऊन ती ऐकलीस. पलंगाच्या कडेला बसलीस, हात मांडीवर. पाण्याचं गाणं संपलं, पुढचं सुरू झालं, तरी तू टेपकडेच बघत होतीस. कॅसेटचा कागद तू वाचलास तेही मी बघितलं. मग म्हणालीस, "सूर ग्वाड लागलाय तुजा." चहा न घेता गेलीस. त्या दिवशी तू मला शिव्या दिल्या असत्यास तर मी तुझ्या पाया पडले असते, बघ. तू सुराचं कौतुक केलंस आणि मी ते पदरात पाडून घेतलं.

कॅसेट चालली. टमटममध्ये वाजायला लागली, उसाच्या ट्रॅक्टरवर वाजायला लागली. एकदा इंदापूरहून परत येताना आपण स्टँडवर गाडीची वाट बघत होतो आणि चहाच्या गाड्यावर तुझंच गाणं लागलं. शेजारी एक बाई पेरूची पाटी घेऊन बसली होती. ती गाण्याबरोबर म्हणायला लागली. तू तिला विचारलंस, "कुणाचं वो हे गानं?"

"कुनाचं म्हंजी? लई जुनं हाय. माजी सासू म्हनायची जात्यावर."

"समदं येतंय व्हय तुमाला?"

"न येयाला काय झालं?" म्हणत तिनं टेपच्या वर आवाज चढवला आणि सगळं म्हणून दाखवलं. सगळं म्हणजे जेवढं कॅसेटमध्ये होतं तेवढं. तू तिच्याकडून दोन पेरू घेतलेस, एक माझ्या हातात दिलास. मी तेव्हा म्हणायला हवं होतं, मावशी, हे गाणं हिचं आहे, ही समोर बसली आहे. माझ्या तोंडात पेरू होता. असली कारणं शोधायला मी पहिल्यापासून हुशार.

पण सगळ्यात वाईट ते पुढे निमगावच्या बाजारात झालं. तू पाण्याचं गाणं गात होतीस, मी झील धरत होते. मधल्या कडव्यांतलं शेवटचं संपलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते उठायलासुद्धा लागले. त्यांच्या लेखी गाणं संपलं होतं. तू नावाच्या कडव्यासाठी श्वास घेतला होतास, तोंड उघडलं होतंस. तसं उघडं तोंड मी कुणाचं बघितलेलं नाही. तू डफावर एक थाप मारलीस, हात जोडलेस, आणि दुसरं गाणं सुरू केलंस. त्यानंतर तू पाण्याच्या गाण्यात नावाचं कडवं कधीच म्हटलं नाहीस. मी विचारलंही नाही. तू थांबायचीस, लोक टाळ्या वाजवायचे, मी पाणी प्यायचे.

आपलं भांडण झालं ते त्यानंतर वर्षानं, तुझ्या अंगणवाडीत. तू खिचडीचे तांदूळ निवडत होतीस, मीही समोर सूप घेऊन बसले होते. मी सहज म्हणाले की कॅसेट पुन्हा छापणार आहेत, या वेळी तुझं नाव टाकायला सांगू का. तू मान वर केली नाहीस.

"आता टाकून काय उपेग? गानं जुनं झालंय न्हवं."

"अगं, गाणं सगळ्यांच्या तोंडी आहे. नावाचं काय एवढं घेऊन बसलीस?"

तेव्हा तू सूप खाली ठेवलंस. "माझ्या बाचं नाव भागोजी. तुज्या आबानं त्येला कवा भागोजी म्हनून हाळी दिली व्हय? भाग्या. म्हातारा झाला तरी भाग्याच. मी अनशी. गावात कुनी पुरतं नाव घेतलं न्हाय आमचं. म्हनून मी गान्यात घेत हुते. तितं तरी कुनाला त्ये मोडता येत नव्हतं."

आणि मी काय म्हणाले? मला शब्दन् शब्द आठवतो. "ते जुनं आता कशाला उकरतीस? गाणं सगळ्यांचं झालं, याच्यापेक्षा मोठं काय असतं?" अगदी शिबिरातल्या साहेबासारखी बोलले.

तू म्हणालीस, "सगळ्यांचं झालं. खरं हाय." आणि तांदूळ निवडायला लागलीस. मी रागानं उठले, चपला घातल्या आणि बारामतीला आले. बसमध्ये खिडकीशी बसून मी स्वतःची बाजू मांडत होते, ऐकायला कुणी नव्हतं तरी. आबा तुझ्या वडिलांना काय म्हणायचे ते मला ठाऊक होतं. तो आवाज माझ्या कानात आहे. आमच्या ओट्यावरून पाटापर्यंत जाईल अशी हाळी. मला ते गैर आहे असं कधी वाटलं नव्हतं आणि तू ते बोलून दाखवलंस याचाच मला राग आला होता.

त्यानंतर आपण भेटत राहिलो. गातही राहिलो. पण तू मला कुसे म्हणणं सोडलंस, "कुसुमबाई" म्हणायला लागलीस. किती साधी शिक्षा, आणि किती लागली मला.

तू दवाखान्यात होतीस तेव्हा मी चार वेळा आले. दर वेळी घरून निघताना ठरवायचे, आज बोलायचं. माझं चुकलं, एवढे दोनच शब्द. तिथं पोचल्यावर मी डॉक्टरांविषयी बोलायचे, शेजारच्या खाटेवरच्या बाईविषयी बोलायचे, पेज किती पातळ आहे त्याविषयी बोलायचे. चौथ्या वेळी तू म्हणालीस, "केसाचा लई गुता झालाय, यिंचरून दे." मी तुझ्या मागे बसले आणि फणी फिरवली. केस किती कमी झाले होते तुझे. तुझा चेहरा मला दिसत नव्हता. बोलायला त्याहून सोपी वेळ मिळणार नव्हती, आणि मी वेणी घालत बसले. तू म्हणालीस, "घट घालू नकोस गं कुसे, वडतंय." कुसे म्हणालीस. मी एवढी हरखले की बोलायचं तेच राहून गेलं. वाटलं, मिटलं सगळं, आता पुढच्या वेळी बोलू निवांत. मग तुझ्या भावाचा निरोप आला.

तुझा भाऊ विलास पुण्याहून आला. नोकरीनिमित्त तो इतकी वर्षं तिकडे, घरी सणावाराला येणारा. मी त्याला पहिल्याच दिवशी कडव्याबद्दल विचारलं. तो बिचारा गोंधळला. "ताई, मला अक्काची गाणी कॅसेटवरचीच येतात," म्हणाला. तुझ्या घरात माझी कॅसेट निघाली, पत्र्याच्या पेटीत, वह्यांवर ठेवलेली. वह्यांत सगळी गाणी होती, तुझ्या त्या मोठ्या मोठ्या अक्षरांत. नावाची कडवी मात्र एकाही गाण्याला लिहिलेली नव्हती. मी डोकं धरून बसले. मग माझं मलाच हसू आलं. स्वतःचं नाव कुणी विसरेल म्हणून लिहून ठेवतं का?

मग मी आठवायला बसले. तीन ओळी लागल्या. पहिली लवकर लागली, गावाचं नाव होतं म्हणून. शेवटची तुझ्या नावाची, ती कशी विसरेन? दुसरी परवा भाकरी थापताना अचानक तोंडात आली आणि मी तव्यावरची भाकरी करपवली. तिसरी लागत नाही. ती म्हणताना तू डफ खाली घ्यायचीस एवढं दिसतं मला. तुझा हात दिसतो, ओठ हलताना दिसतात, ऐकू काही येत नाही. मी त्या वेळी पाणी पीत असणार.

काल तुझा जलदान विधी झाला. विहार भरलं होतं, पांढऱ्या साड्यांच्या बायका पार बाहेरच्या पायऱ्यांपर्यंत. निमगाव केतकीहून एक जीप भरून बायका आल्या होत्या, बाजारात तुला ऐकलेल्या. वंदना झाली, दोघे-तिघे बोलले, मग विलास म्हणाला, "कुसुमताई, तुम्ही अक्काचं पाण्याचं गाणं म्हणा."

मी उभी राहिले. डफ मला वाजवता येत नाही, तो भिंतीशी होता. मी सुरू केलं आणि पहिल्या ओळीलाच सगळ्या विहारानं झील धरली. घागर माझी सुनी गं. शंभर बायका असतील, सगळ्यांना येत होतं. तुझं गाणं एवढ्या बायकांनी एका वेळी म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मला भरून आलं, आणि खरं सांगते, अभिमानही वाटला. एक क्षण असंही वाटलं की माझं बरोबर होतं. आणि मग कॅसेट जिथं संपते तिथं सगळ्या एकदम थांबल्या. कुणी डोळे पुसले, कुणी पोराला कडेवर घेतलं.

मी थांबले नाही.

गाव माझं पणदरं, वाट धरा पाटाची,
कुनी पुसलं गानं कुनाचं, लाज नको सांगायाची,

तिसऱ्या ओळीला मी नुसती चाल गुणगुणले. तिथं भरायला मला काहीतरी सुचत होतं, बरंही होतं, पण भरलं नाही. आता तुझ्यात माझं काही मिसळायचं नाही. आणि मग

नाव पुरतं घ्या हो माझं, अनुसया भागोजीची.

माझ्या तोंडून तुझ्या वडिलांचं नाव पहिल्यांदा निघालं, अनुसये. आबांच्या घरातल्या माणसाच्या तोंडून.

मग निमगावची एक बाई, चांगली वयस्कर, उठून माझ्याजवळ आली. माझे दोन्ही हात धरले. तिचे डोळे भरले होते.

"लई चांगलं कडवं लावलं ताई तुमी. मैतरणीसाटी एवडं कोन करतंय?"

"मी नाही लावलं," मी म्हणाले. "तिचंच आहे ते. आख्खं गाणं तिचं आहे. कॅसेटमध्ये मी कापलं."

"अवो, त्ये गानं तर जुनं हाय. माज्या आत्याच्या तोंडात हुतं."

"नाही हो मावशी, अनुसयानं रचलंय. मी शेजारी होते. मी कापलं ते." माझा आवाज चढला होता. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी तुमच्या वस्तीवरच्या सोनाआजीला म्हणाले, आजी, तुम्ही सांगा, ती नाव घालायची की नाही? सोनाआजीनं बराच वेळ विचार केला. "घालत हुती खरी," म्हणाली. "पर ह्या गान्यात का दुसऱ्या, त्ये काय ध्येनात न्हाय माज्या." विलास खाली बघत होता.

निमगावची बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "असू द्या ताई, असू द्या. दुक्कात हुतं असं." मग तिनं मागे वळून तिच्या जीपमधल्या बायकांना सांगितलं, कुसुमताईंनी स्वतः रचलं बरं का ते कडवं, मैतरणीच्या नावाचं. त्या माना डोलवत माझ्या पाया पडायला आल्या.

ते कडवं तुझं आहे हे पक्कं ठाऊक असलेली माणसं दोनच होती, अनुसये. त्यातली तू गेलीस. राहिले मी, आणि माझं कुणी खरं मानत नाही.